पेट्रोल पोहोचतच नाही तिथली काजळी

जळगाव असो की धुळे, स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर एक छोटी बाटली हमखास मांडलेली असते. टाकीत ओतायची, वरून पेट्रोल भरायचं, की इंजिनातली सगळी काजळी धुऊन निघते, असं सांगून ती विकली जाते. ज्यांची गाडी नव्या पद्धतीची, म्हणजे थेट इंजेक्शनची आहे, तेही ती घेतात. त्यांच्या इनटेक व्हॉल्व्हवर, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपेवर, बसलेल्या काजळीला त्या बाटलीने काहीही होत नाही. आतलं औषध कितीही चांगलं असो, ते पेट्रोलात मिसळून जाणार, आणि या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही.

हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत या गाड्या झपाट्याने वाढल्या, पण त्यांची देखभाल अजून जुन्या गाड्यांच्या हिशेबाने चालते. लोकांचे पैसे जातात आणि गाडी आहे तशीच राहते.

हवेची वाट आणि पेट्रोलची वाट

प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर, हेडमध्ये, व्हॉल्व्ह बसवलेले असतात. आजच्या बहुतेक चारचाकींत सिलिंडरमागे चार: दोन हवा आत घेणारे, ते इनटेक; दोन जळालेला धूर बाहेर सोडणारे, ते एक्झॉस्ट. लांब दांडी आणि तिच्या टोकाला गोल चकती, असा हा भाग. इंजिन ३,००० आरपीएमवर फिरत असेल तर प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. चकतीची एक बाजू सिलिंडरकडे असते, जिथे स्फोट होतो. दुसरी बाजू, म्हणजे व्हॉल्व्हची पाठ, मेनिफोल्डकडून, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांकडून, येणाऱ्या हवेच्या वाटेत असते. या लेखातली सगळी भानगड त्या पाठीवरची आहे.

जुन्या इंजेक्शनच्या गाड्यांत, ज्यांना आपण एमपीएफआय म्हणतो, इंजेक्टर मेनिफोल्डच्या टोकाला व्हॉल्व्हच्या अगदी मागे असतो. साधारण ३ ते ४ बार दाबाने तो पेट्रोलचा फवारा त्या पाठीवरच मारतो. व्हॉल्व्ह उघडला की हवा आणि पेट्रोल एकत्र आत जातं. आता पेट्रोल काय चीज आहे ते गॅरेजमधल्या पोराला विचारा. ग्रीसने बरबटलेला पार्ट तो पेट्रोलमध्येच बुडवून धुतो. त्यात कंपन्या थोडं डिटर्जंटही घालतात. म्हणजे गाडी चालू असेपर्यंत व्हॉल्व्हची धुलाई आपोआप होत राहते. त्यासाठी मालकाला वेगळं काही करावं लागत नव्हतं, म्हणून ती होते आहे हेही कुणाला जाणवलं नाही.

थेट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर तिथून काढून सरळ सिलिंडरच्या आत तोंड करून बसवला. आतल्या दाबलेल्या हवेत पेट्रोल नीट फवारलं जावं म्हणून दाबही वाढवावा लागला, १५० ते ३५० बार. त्यासाठी कॅमवर चालणारा वेगळा हाय प्रेशर पंप आला. इनटेक व्हॉल्व्हवरून आता नुसती हवा जाते. धुलाई बंद.

मग हा बदल केलाच कशाला? कारण फायदा खरा आहे. पेट्रोल सिलिंडरच्या आत जाऊन उडतं, तेव्हा आतल्या हवेतली उष्णता शोषून घेतं. हवा थंड राहिली की इंजिन सहजी ठोकत नाही, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी पेटत नाही, आणि मग तिला जास्त दाबता येतं, टर्बोने जास्त हवा कोंबता येते. म्हणूनच आज १ लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन ११५-१२० पीएस ताकद देतं. मुंबई-आग्रा महामार्गावर लळिंगचा घाट चढताना आत पाच माणसं आणि डिकी भरलेली असूनही गाडी दम धरते, त्यात या तंत्राचा वाटा मोठा आहे. मी या इंजिनांच्या विरोधात अजिबात नाही. त्यांची सवय वेगळी आहे, ती ओळखून वागावं, एवढंच माझं म्हणणं.

कल्पना तशी जुनी. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये यांत्रिक पद्धतीचं थेट पेट्रोल इंजेक्शन होतं. कॉम्प्युटरवर चालणारं, मोठ्या संख्येने विकलं गेलेलं पहिलं इंजिन मित्सुबिशीने १९९६ मध्ये गॅलंट गाडीत आणलं. आपल्या रस्त्यांवर ती गर्दी अलीकडची.

तुमची गाडी यातली आहे का?

नावावरून बरंच कळतं. फोक्सवॅगन-स्कोडाचं टीएसआय, ह्युंदाई-कियाचं टर्बो जीडीआय, महिंद्राचं टीजीडीआय, मारुतीचं बूस्टरजेट, फोर्डचं इकोबूस्ट, टाटाच्या कर्व्हमधलं हायपेरियन जीडीआय: ही सगळी थेट इंजेक्शनची.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, टर्बो म्हणजे थेट इंजेक्शन असं धरून चालणं. नेक्सॉनचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल एमपीएफआयच आहे. दुसरं, मारुतीचं ड्युअलजेट. नाव ऐकून वाटतं की एक इंजेक्टर आत आणि एक बाहेर असेल. तसं नाही, दर सिलिंडरला दोन इंजेक्टर आहेत, पण दोन्ही व्हॉल्व्हच्या मागेच, बाहेर. त्यामुळे तिथे धुलाई चालू आहे. वॅगन-आर, स्विफ्ट, साधी आय-टेन चालवणाऱ्यांनी या लेखातली काळजी स्वतःच्या डोक्याला लावून घेऊ नये.

नुसत्या हवेतून काजळी येते कुठून?

हा प्रश्न रास्त आहे. एअर फिल्टरमधून आलेली हवा स्वच्छ, पेट्रोल तिथे येत नाही, मग व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा थर चढतो कशाचा?

मुख्यतः इंजिन ऑइलचा.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी स्फोटाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली क्रँकच्या चेंबरमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये याला ब्लो-बाय म्हणतात. खाली गरम ऑइल घुसळलं जात असतं. त्याची वाफ, बारीक थेंब, अर्धवट जळालेलं पेट्रोल, पाण्याची वाफ हे सगळं त्या वायूत मिसळतं. हा वायू बाहेर काढावाच लागतो, नाहीतर चेंबरमध्ये दाब वाढून ऑइल सील फुटतील. जुन्या ट्रॅक्टरला बघा, ब्रीदरची नळी खाली सोडलेली असते आणि तिच्या तोंडाशी ऑइल ठिबकत असतं. पूर्वी मोटारींचंही असंच होतं, घाण सरळ रस्त्यावर. हवेच्या प्रदूषणामुळे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने हे थांबवायला लावलं, आणि मग तो वायू परत मेनिफोल्डमध्ये नेऊन जाळायची पद्धत जगभर रूढ झाली. मध्ये बसवलेल्या व्हॉल्व्हला पीसीव्ही म्हणतात. ऑइलचे थेंब अडवायला सेपरेटर असतो, पण तो सगळं अडवत नाही.

म्हणजे जी हवा आपण स्वच्छ समजतो, तिच्यात ऑइलचं धुकं मिसळलेलंच असतं. त्यात आणखी भर पडते. व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या रबरी सीलमधून थोडं ऑइल खाली झिरपतं. दांडीला वंगण लागतंच, ते पूर्ण बंद करता येत नाही. टर्बोच्या शाफ्टकडूनही अंशभर येतं. शिवाय आजच्या इंजिनांत काही वेळ इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे ठेवतात. तेव्हा जळालेल्या वायूतली काजळी उलटी फिरून इनटेकच्या पाठीला लागू शकते.

आता तापमान बघा. चालत्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह साधारण २०० ते ३५० अंशांच्या आसपास असतो. ऑइलचा थेंब त्यावर पडला की त्यातला हलका भाग उडून जातो आणि जड भाग चिकटतो, आटतो, करपतो. त्यावर पुढचा थेंब. भजी तळायच्या कढईच्या बाहेरच्या कडेला वर्षानुवर्षं जो काळा, चिवट थर बसतो, तो याच जातीचा. साबणाने तो निघत नाही, खरवडावाच लागतो.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. शेजारचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह याहून कितीतरी घाण वायू झेलतो, तरी त्याच्या पाठीवर असा गठ्ठा जमत नाही. कारण तो ६००-७०० अंशांच्या पुढे तापतो आणि त्यावर पडलेलं ऑइल जळूनच जातं. इनटेक व्हॉल्व्हचं तापमान नेमकं मधलं आहे. ऑइल करपायला पुरेसं, पण करपलेलं जाळून टाकायला कमी. म्हणून ‘हायवेला जरा दाबून पळवा, सगळं जळून जाईल’ हा सल्लाही या थरावर चालत नाही. जळगावहून नाशिकपर्यंत गाडी चांगली पळवली तर ऑइलमधली पाण्याची आणि पेट्रोलची वाफ निघून जाते, ते चांगलंच. जुना घट्ट थर मात्र जागचा हलत नाही.

खान्देशात वेगळं काय?

रसायन सगळीकडे सारखंच, पण वापर आपला वेगळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ च्या पुढे जातो. लग्नसराई त्याच दिवसांत. मांडवाबाहेर एसी लावून, इंजिन चालू ठेवून तासतासभर उभ्या असलेल्या गाड्या तुम्ही बघितल्याच असतील. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतं, मेनिफोल्डमध्ये ओढ जास्त असते, आणि ती ओढ व्हॉल्व्हच्या दांडीकडून ऑइल खेचते. त्यात हवेचा वेगही कमी. शिवाय किलोमीटर वाढत नाहीत, त्यामुळे ऑइल बदलायची तारीख मीटरवर दूर दिसते. इंजिन मात्र चाललेलं असतं.

दुसरा वापर शहरातला. घरून शाळा, शाळेतून भाजी मंडई, परत घरी. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. पाणी लवकर तापतं, काटा मध्यावर येतो, आपल्याला वाटतं इंजिन गरम झालं. ऑइलला पुरेसं तापायला त्याहून बराच वेळ लागतो. ते तापलं नाही तर त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाणी तिथेच राहतं आणि ऑइल लवकर बिघडतं.

धुळीबद्दल थोडं. आपल्या काळ्या मातीची धूळ, रावेर-यावलकडे केळीच्या बागांतून जाणारे कच्चे रस्ते, यांमुळे अनेकांना वाटतं की काजळी धुळीनेच होते. मूळ कारण धूळ नाही. पण फिल्टर फाटका असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर आत गेलेली धूळ त्या चिकट थरावर बसते आणि तो अधिक जाड करते. फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून पुन्हा-पुन्हा वापरायची आपल्याकडे सवय आहे. जोराची हवा कागदाला बारीक भोकं पाडते. फिल्टरची किंमत इंजिनाच्या मानाने किरकोळ आहे. मी तरी तो बदलायच्याच बाजूचा.

लक्षणं

‘सकाये सकाये गाडी थरथर करस’ ही तक्रार घेऊन माणूस येतो, तेव्हा कानाने बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की पहिला अर्धा-एक मिनिट मिसिंग करते, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधला स्फोट चुकतो, स्टिअरिंग आणि सीट हलते, मग हळूहळू सुरळीत होते. पुढे उभ्या गाडीतही आयडलिंग वर-खाली होतं. पिकअप कमी वाटतो, विशेषतः वरच्या आरपीएमला इंजिन हात आखडता घेतं. अ‍ॅव्हरेज उतरतो. शेवटी चेक लाईट लागते, आणि स्कॅनरवर पी०३०० किंवा पी०३०१, पी०३०२ असे मिसफायरचे कोड दिसतात. पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरला धरून नाही. शेवटी १ असेल तर पहिल्या सिलिंडरमध्ये, २ असेल तर दुसऱ्या.

असं का होतं? हवेची वाट फक्त अरुंद होते असं नाही. आत जाणाऱ्या हवेला नेमका घुमाव मिळावा म्हणून पोर्टचा, म्हणजे हेडमधून व्हॉल्व्हपर्यंत जाणाऱ्या वाटेचा, आकार फार विचार करून ठेवलेला असतो. व्हॉल्व्हच्या पाठीवर आणि दांडीवर उंचवटे आले की तो घुमाव बिघडतो. चारही सिलिंडरांत थर सारखा नसतो, त्यामुळे कुणाला हवा जास्त, कुणाला कमी. थंड इंजिनात मुळात जळण नाजूक असतं, म्हणून दोष आधी तिथे दिसतो. काही वेळा काजळीचा तुकडा व्हॉल्व्ह आणि तो मिटताना टेकतो त्या कडेच्या, म्हणजे व्हॉल्व्ह सीटच्या, मध्ये अडकतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

किती किलोमीटरला हे होईल ते एका आकड्यात सांगता येत नाही. इंजिनाची रचना, ऑइल, वापर यांवर ते ठरतं. कुणाला ५०-६० हजारांत जाणवतं, कुणाला लाख ओलांडूनही नाही. काजळी थोडीफार प्रत्येक थेट इंजेक्शनच्या इंजिनात असते. असणं हा आजार नाही. त्रास सुरू झाला तर उपचार.

आणि इथे मी कळकळीने सांगतो: मिसिंग दिसली की लगेच काजळीवर बोट ठेवू नका. हीच लक्षणं संपलेल्या स्पार्क प्लगने येतात, खराब कॉईलने येतात, मेनिफोल्डच्या पॅकिंगमधून हवा ओढली जात असेल तर येतात, इंजेक्टर गळत असेल तर येतात. आधी प्लग काढून बघावेत. कॉईल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर बदलून कोड मागोमाग जातो का ते पाहावं. या तपासणीला फारसा खर्च नाही. हे सगळं ठीक निघालं, तरच मेनिफोल्ड काढायची गोष्ट.

कॅमेऱ्यात नेमकं काय दिसतं

मोबाईलला लावायचे बारीक वायरचे कॅमेरे आता लहान गॅरेजमध्येही असतात. मिस्त्री प्लग काढतो, भोकातून कॅमेरा सोडतो, आणि पिस्टनचं काळं डोकं दाखवून म्हणतो, ‘बघा भाऊ, किती कार्बन!’ मालक घाबरतो आणि हो म्हणतो.

पण प्लगच्या भोकातून पिस्टनचं डोकं आणि व्हॉल्व्हची सिलिंडरकडची बाजू दिसते. तिथे थोडा काळपटपणा असणं स्वाभाविक आहे, तिथे तर रोज जाळच होतो. आपल्याला बघायची आहे ती पाठ, आणि ती दिसते मेनिफोल्डच्या बाजूने, पोर्टमधून. काही इंजिनांत थ्रॉटल बॉडी काढून कॅमेरा तिथवर नेता येतो. बऱ्याच गाड्यांत मेनिफोल्डच उतरवावा लागतो. ‘पोर्टमधून दाखवा’ एवढे दोन शब्द म्हणा. खरा जाणकार असेल तर तो खूश होऊन दाखवेल.

पोर्टमध्ये टॉर्च मारल्यावर चांगला व्हॉल्व्ह तपकिरी किंवा काळसर दिसतो, पण दांडी आणि चकती यांचा जोड, तो गुळगुळीत वळलेला भाग, स्पष्ट ओळखू येतो. भरलेल्या व्हॉल्व्हमध्ये तो जोडच नाहीसा झालेला असतो. दांडीभोवती खडबडीत, भेगाळलेला गठ्ठा दिसतो, कुठे सुका, कुठे ओलसर चकाकणारा. ओलं ऑइल खूप दिसलं तर फक्त सफाई करून भागणार नाही. पीसीव्ही, सेपरेटर किंवा टर्बो तपासायला हवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा तेच.

साफ कसं करतात

सर्वात भरवशाची पद्धत अक्रोडाच्या टरफलांची. टरफलं दळून केलेली कणी कॉम्प्रेसरच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात. अक्रोडच का, तर कणी काजळी फोडण्याइतकी कडक आणि धातूला ओरखडा न पाडण्याइतकी मऊ असते. वाळू किंवा काचेचे मणी वापरले तर व्हॉल्व्ह आणि सीट खराब होतात, आणि चार दाणे आत राहिले तर सिलिंडरची वाट लागते. टरफलाची चिमूटभर पूड आत राहिलीच तर ती जळून जाते.

काम असं चालतं: मेनिफोल्ड उतरवतात. ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटतील अशा जागी क्रँक हाताने फिरवून आणतात. ही पायरी चुकली तर सगळी घाण आत जाते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवा. बाकीचे पोर्ट झाकतात. पोर्टवर एक नळी बसवतात, तिला व्हॅक्युमही जोडलेला असतो, म्हणजे एकीकडून कणी मारली जाते आणि दुसरीकडून काजळीसकट ओढून घेतली जाते. थोडं मारायचं, थांबायचं, टॉर्चने बघायचं, परत मारायचं. मग क्रँक फिरवून पुढचा सिलिंडर. काही तासांचं काम आहे. परत बसवताना मेनिफोल्डचं पॅकिंग नवंच टाकायला सांगा.

हे यंत्र प्रत्येक गावात नसतं. मग हाताची पद्धत: मिटलेल्या व्हॉल्व्हच्या पोर्टमध्ये कार्बोरेटर क्लीनर सोडायचा, मुरू द्यायचा, नायलॉन किंवा पितळी ब्रशने घासायचं, सुटलेली घाण पिचकारीने किंवा व्हॅक्युमने ओढून घ्यायची, आणि व्हॉल्व्ह चमकेपर्यंत हेच करत राहायचं. वेळखाऊ आहे, पण चिकाटीचा मिस्त्री असेल तर निकाल चांगला येतो. क्लीनर खाली झिरपल्याची शंका आली तर ऑइल बदलून टाकलेलं बरं.

थ्रॉटलमधून चालत्या इंजिनात स्प्रे मारायची पद्धतही आहे. पातळ, ताज्या थरावर तिचा थोडाफार परिणाम होतो. जाड थरावर मी ती सुचवणार नाही. मोठा तुकडा सुटून पुढे गेला तर टर्बोच्या पात्यांवर आदळायची भीती असते.

आणि ते हायड्रोजनचं यंत्र, तासाभरात इंजिन डिकार्बन करून देतो म्हणणारं? त्यातला वायू हवेच्या वाटेने आत जातो आणि सिलिंडरच्या आत जळतो. जो काही परिणाम व्हायचा तो जळणाच्या जागी होईल. व्हॉल्व्हच्या पाठीवर जाळच होत नाही, मग तिथला करपलेला थर निघणार कसा? पैसे द्यायच्या आधी हा एक प्रश्न विचारा आणि काम झाल्यावर पोर्टमधून व्हॉल्व्ह दाखवायला सांगा.

सुरुवातीच्या बाटलीवर अन्याय नको. चांगल्या प्रतीचं डिटर्जंट असलेलं औषध इंजेक्टरचं तोंड साफ ठेवायला मदत करतं, आणि एमपीएफआय गाडीत व्हॉल्व्हलाही त्याचा उपयोग होतो. पंपावरच्या महाग पेट्रोलचंही तेच, आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचंही तेच. टाकीतून जाणारं काहीही थेट इंजेक्शनच्या इनटेक व्हॉल्व्हला लागत नाही.

यावर कंपन्यांनी काढलेला खरा तोडगा म्हणजे दोन्ही इंजेक्टर ठेवणं, एक सिलिंडरच्या आत आणि एक व्हॉल्व्हच्या मागे. टोयोटाने २००५ मध्ये लेक्सस आयएस ३५० मध्ये ही पद्धत आणली. खर्च वाढतो, म्हणून सगळीकडे ती दिसत नाही.

थर हळू चढावा म्हणून

काजळी पूर्ण थांबवता येत नाही, तिचा वेग मात्र मालकाच्या हातात बराच आहे. त्यात ऑइल सर्वांत आधी.

ऑइलची वाफ किती होते हे मोजायची एक चाचणी आहे, नोआक नावाची. ऑइल २५० अंशांवर एक तास तापवतात आणि किती टक्के वजन उडून गेलं ते बघतात. अमेरिकेच्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलला जास्तीत जास्त १५ टक्क्यांची मुभा आहे. युरोपच्या एसीईए सी३ दर्जाला १३ टक्के. जेवढं कमी उडेल, तेवढं व्हॉल्व्हकडे कमी जाईल. म्हणून मॅन्युअलमध्ये दिलेला दर्जा डब्यावर छापलेला आहे का ते स्वतः वाचा. नुसतं ‘फाईव्ह डब्ल्यू थर्टी’ एवढ्यावर समाधान मानू नका, तो फक्त घट्टपणाचा आकडा आहे. २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपीमध्ये छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर होणाऱ्या अवेळी स्फोटापासून संरक्षणाची चाचणीही आहे. आपल्याकडच्या या गाड्यांना ती गरजेचीच आहे. सुटं ऑइल या इंजिनात घालू नये.

किती किलोमीटरला बदलायचं? मॅन्युअलमध्ये १० हजार किंवा १५ हजार लिहिलेलं असतं, पण बऱ्याच मॅन्युअलमध्ये पुढे कठीण वापराचं वेगळं कोष्टकही असतं: धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, जास्त वेळ उभं इंजिन. आपला उन्हाळा आणि आपले रस्ते त्यात तंतोतंत बसतात, तेव्हा आपलं कोष्टक तेच. माझं मत विचाराल तर ७-८ हजारांच्या पुढे मी नेणार नाही. आणि लेव्हल खुणेच्या वर भरू देऊ नका. जास्तीचं ऑइल क्रँकने घुसळलं जातं आणि त्याचं धुकं मेनिफोल्डकडेच जातं.

कॅच कॅन नावाचा डबा पीसीव्हीच्या नळीत बसवून ऑइल अडवायची टूम हौशी लोकांत आहे. नीट बनवलेला असेल तर तो काही ऑइल पकडतो, पण तो वेळच्या वेळी रिकामा करावा लागतो आणि वॉरंटीतल्या गाडीत नळ्या कापणं अंगाशी येऊ शकतं. वॉरंटी असेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. डिझेलमध्ये इंधन मेनिफोल्डमधून कधीच येत नाही, तिथेही व्हॉल्व्ह धुतला जात नाही. त्यात ईजीआरमधून, म्हणजे जळालेला थोडा वायू परत आत नेणाऱ्या वाटेतून, येणारी काजळी ऑइलच्या धुक्यात कालवली गेली की मेनिफोल्डमध्ये काळा चिखल जमतो. डिझेलला हवा मुबलक मिळत असल्याने त्रास उशिरा दिसतो. मग पिकअप पडतो, चढाला धूर येतो. ईजीआर व्हॉल्व्ह आणि मेनिफोल्ड एकत्रच साफ करून घ्यावेत.

जुन्या गाडीचा सौदा करत असाल आणि ती थेट इंजेक्शनची असेल, तर ऑइल बदलल्याची बिलं मागा. किलोमीटरपेक्षा ती जास्त बोलतात. गाडी सकाळी, रात्रभर उभी असताना बघायला जा, आणि आपण पोहोचायच्या आधी चालू करू नका असं फोनवर सांगून ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर दुसऱ्या दिवशी परत जा.